न तुटलेली दोरी

लियाकत जाळीवाल्याच्या घरी पाहुणा आला की चहाआधी पेटी पुढे येई. बिस्किटांची जुनी पत्र्याची पेटी, कडा गंजलेल्या, झाकण दोनदा थोपटल्याशिवाय न उघडणारं. आत काय, तर फाटक्या जाळ्यांचे तुकडे. ज्या घरात धड अंथरूण नव्हतं त्या घरात हा माणूस चिंध्या जपून ठेवतो म्हणून ओझरचे लोक त्याला हसत. पण तो एकेक तुकडा तळहातावर घेऊन दाखवायला लागला की हसणारेही पुढे सरकून बसत.

हा बघा, पोपटाचा. कात्रीनं कापावा तसा एकच दोरा तोडलेला, टोक सरळ. हा वटवाघळाचा, यात तुटलं काहीच नाही, पण चार घरं एकमेकांत पीळ पडून बसलीत, कारण ते बिचारं अडकलं आणि सुटायला धडपडलं. हा कोल्ह्याचा, खालून ओढलेला, जाळीची घरं लांबट झालेली. कोल्ह्याला द्राक्षं आंबट असं ज्यानं म्हणून ठेवलं त्यानं आमच्याकडचा कोल्हा पाहिला नव्हता, असं लियाकत म्हणे. इथला कोल्हा पिकलेलाच घड ओढतो, हिरव्याला तोंड लावत नाही. म्हणजे व्यापाऱ्यापेक्षा त्याला द्राक्ष जास्त कळतं.

पेटीच्या तळाशी हातभर लांबीची एक सुती दोरी होती. ती कुठेच फाटलेली किंवा तुटलेली नव्हती. ती कोणाची, असं कोणी विचारलं की लियाकत झाकण लावून टाकी आणि चहाचं बघा म्हणून आत हाक मारी. ही हकिकत त्या दोरीची आहे.

लियाकत मूळचा मालेगावचा मोमीन, हातमागावर लुगडी विणणाऱ्या घरातला. गिरणीचं स्वस्त कापड बाजारात येत गेलं तसे गल्लीतले माग एकेक करून गप्प झाले. एकोणीसशे एकतीस साली त्याचाही माग थांबला. उरलेली चार लुगडी विकायला तो ओझरच्या बाजारात आला आणि बाजार संपल्यावर पाय मोकळे करायला म्हणून बाणगंगेच्या कडेनं चालत सुटला. तिथे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा द्राक्षाचा मळा पाहिला. पांगाऱ्याच्या एकेका खुंटावर एकेक वेल चढवलेली, आणि वेलीवर कोळ्यांचं मासे धरायचं जाळं टाकलेलं. जाळ्याच्या आत बसून सात-आठ पोपट मजेत द्राक्षं खात होते.

दुसरा कोणी असता तर हसून पुढे गेला असता. लियाकत बांधावर बसला तो दिवस कलेपर्यंत उठला नाही. पोपट आत कसा जातो, हे त्याला बघायचं होतं. मळ्याचे मालक सावळीरामअण्णा हा कोण परका माणूस म्हणून हटकायला आले, तेव्हा त्यानं आपलं नावगाव सांगायच्या आधी त्यांना सांगितलं की तुमच्या जाळ्याचं घर मोठं आहे. पोपटाचं डोकं आत गेलं की सगळा पोपट आत जातो. डोकंच जाणार नाही एवढं घर ठेवा. अण्णा तापट होते, पण मुंबईच्या बाजारात ओझरच्या द्राक्षाचं नाव व्हावं या एकाच ध्यासानं पछाडलेले होते, आणि पछाडलेल्या माणसाला दुसरा पछाडलेला लगेच ओळखू येतो. ते म्हणाले, मग तूच वीण.

असा तो जाळीवाला झाला. रेहानाला, म्हणजे बायकोला घेऊन ओझरला आला, वेशीजवळ दोन खोल्यांत राहू लागला. त्यानं जाळं पसरायची पद्धतच बदलली. एका पांगाऱ्याला एक जाळी, लहान मुलाला झबलं घालावं तशी वरून घालायची आणि खाली परकराची नाडी आवळतात तशी दोरीनं खोडाशी आवळायची. आवळलेल्या दोरीला सुरगाठ. लोंबतं टोक ओढलं की गाठ सुटते, त्यामुळे तोडणीच्या दिवशी पाच-पाच मिनिटं गाठींशी झटापट नको. दोन हंगाम त्यानं अंबाडीच्या सुतळीच्या जाळ्या केल्या. पोपट बाहेर राहिले, पण सुतळी खरखरीत, वारा सुटला की द्राक्षाची साल घासली जाई आणि मण्यांवरची ती पांढुरकी झाक निघून जाई. व्यापारी तेवढ्यावरून नाक मुरडत.

मग तिसऱ्या हंगामाला, चौतीस साली, त्यानं सुती दोऱ्याच्या जाळ्या केल्या. मागावरचंच सूत, दुहेरी-तिहेरी पिळलेलं. त्याला खळ दिली. विणकराच्या घरात सूत खळीशिवाय मागावर चढत नाही. रेहानानं ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली, सूत मऊ राहावं म्हणून त्यात थोडं तिळाचं तेल टाकलं, जसं तिच्या सासूनं शिकवलं होतं. दोरीची टोकं तर लियाकतनं दोनदा बुडवून वाळवली, म्हणजे ती सुईसारखी ताठ राहतात आणि जाळीच्या घरांतून झरझर ओवता येतात. जाळ्या पाहून अण्णा खूष झाले. पिंपळगावकडच्या दोन मळेवाल्यांनी पुढच्या वर्षासाठी अशाच सांगून ठेवल्या. मालेगाव सुटल्यापासून पहिल्यांदाच लियाकतला आपल्या हाताला किंमत आहे असं वाटलं, आणि ते वाटणं त्याला फार आवडलं.

एव्हाना गावात त्याचं दुसरंही नाव झालं होतं. जाळी फाटली की ती त्याच्याकडे आणायची आणि त्यानं ती उजेडात धरून सांगायचं, अमक्या जनावरानं फाडली, अमका उपाय करा. कोल्हा असेल तर खाली बाभळीच्या काट्या लावा, वटवाघूळ असेल तर जाळी ताणून बांधा, सैल ठेवू नका. दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघे. माणसाचं म्हणणं दहातल्या नऊ वेळा बरोबर निघालं की दहाव्या वेळी त्याला कोणी तपासत नाही, आणि तोही स्वतःला तपासत नाही. लियाकतचं नेमकं तेच झालं.

मळ्याची राखण कुसाबाईकडे होती. गावातलीच, पन्नाशीची विधवा, काटक, बोलायला कमी. मळ्याच्या मध्यावर मचाण होतं, त्यावर सकाळपासून सांजेपर्यंत ती गोफण घेऊन उभी असे. तिचा धोंडा कधी पोपटाला लागत नसे आणि कधी वायाही जात नसे. ज्या वेलीवर थवा उतरायच्या बेतात असेल तिच्या हातभर वरून तो सणसणत जाई. लियाकतनं तिला एकदा विचारलं होतं, एवढा नेम आहे तर मारत का नाही. ती म्हणाली, मेलेल्या पोपटाला भ्या कुठं ऱ्हातं, घाबरलेला बाकीच्यांना सांगतो. लियाकतला हे इतकं पटलं की तेव्हापासून दुपारी जाळ्या बघायला आला की तो विहिरीजवळच्या बांधावर आपली भाकरी सोडी, कुसाबाई चार हातांवर आपली सोडी, आणि दोघं पाखरांच्या गोष्टी करत. सुरगाठ मारायला आणि सोडायला त्यानं अख्ख्या मळ्यात तिला एकटीलाच शिकवलं होतं.

आता एक रिवाज सांगायला हवा. मळ्यात पाखरांनी पाडलेलं, वाऱ्यानं गळलेलं जे काही द्राक्ष भुईवर पडेल ती गळ, आणि गळ राखणदाराची. त्याला मालकानं हात लावायचा नाही. कुसाबाई संध्याकाळी ओटीत गळ गोळा करी, बरी असेल ती बाजारात विकी, फुटकी असेल ती शेळीला घाली. रिवाज चांगला होता, जुना होता. फक्त त्यात एक खोच होती. मळ्याचं नुकसान जेवढं जास्त तेवढी राखणदाराची ओटी भरलेली. इतकी वर्षं ही खोच कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

होळी झाली, घड भरले, आणि जाळ्या उघड्या सापडू लागल्या. सोमवारी दोन, मंगळवारी तीन, बुधवारी चार. फाटलेली एकही नाही. खोडाशी आवळलेली दोरी सुटून लोंबत असे, झबलं वर गोळा झालेलं असे, आणि पोपटांनी आत शिरून घडांची दैना केलेली असे. प्रत्येक वेळी हे दुपारचं. सकाळी सगळ्या गाठी अण्णा स्वतः बघून जात आणि तिसऱ्या प्रहरी फिरकले की काही सुटलेल्या. दुपारी मळ्यात असे कोण, तर एकटी कुसाबाई. तीही मचाणावरून उतरून विहिरीवर भाकरी खायला गेलेली. त्या आठवड्यात लियाकत पिंपळगावच्या मळ्यांची मापं घ्यायला गेला होता, त्यामुळे तो नव्हता.

बुधवारी संध्याकाळी अण्णांनी त्याला बोलावून घेतलं. मळ्यात तोडणीची माणसं होती, शेजारच्या मळ्यांतले चार-दोन जण होते, आणि कुसाबाई एका बाजूला ओटी धरून उभी होती. ओटी जड होती. अण्णांनी एक सुटलेली दोरी लियाकतच्या हातात दिली आणि विचारलं की हे जनावराचं काम की माणसाचं.

लियाकतनं दोरी उजेडात धरली. अंगठ्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि ते त्याला ठाऊक होतं. पोपटाचा काप नाही, उंदराची कुरतड नाही, ओढाताण नाही. गाठ होती तिथे दोऱ्याला नीट वळ पडलेला, म्हणजे ती ओढून अलगद सोडलेली. दोरीचं टोक थोडं पिंजलेलं होतं, पण हाताळून दोरी पिंजतेच.

"हे जनावराचं नाही, अण्णा," तो म्हणाला. "गाठ सोडलेली आहे. सोडायला हात लागतो."

त्यानं कोणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरून उठून कुसाबाईच्या ओटीवर गेल्या, तेव्हा कुठे आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि शिवाय तो खरा आहे अशी त्याची खात्री होती.

अण्णांनी तिथल्या तिथे तिची राखण काढून घेतली. तरी ते अगदीच एककल्ली नव्हते. गावच्या रीतीप्रमाणे त्यांनी तिला वाट ठेवली. रविवारी खंडोबाच्या पायरीवर चारचौघांत बेलभंडार उचल, मी गाठ सोडली नाही असं म्हण, आणि खुशाल परत ये. नाही उचललास तर ओझरात कोणत्याही मळ्यावर तुला राखण मिळणार नाही. कुसाबाईनं ओटीतली द्राक्षं होती तिथेच जमिनीवर ओतली आणि म्हणाली की द्राक्षापायी मी देवाला हात लावणार नाही. एवढं बोलून ती चालायला लागली. झालं, गावाला जे हवं ते मिळालं. शपथ घेत नाही म्हणजे चोरच, असं जे जन्मात खरं बोलले नव्हते तेही म्हणू लागले.

लियाकत दोरी घेऊन घरी आला. पेटीत ठेवायला एक नवा प्रकार मिळाला, माणसाचा. त्यानं ती रेहानाला दाखवली, जशी तो प्रत्येक तुकड्याची हकिकत तिला सांगे. रेहाना चुलीपुढून उठली, हात पुसले, दोरी घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून विचारलं की ताठ टोक कुठे गेलं.

तो म्हणाला, झिजलं असेल. ती म्हणाली की दोनदा बुडवलेलं टोक आठ दिवसांत कसं झिजेल, खळ मी शिजवलीय. तिनं कोपऱ्यातून एक शिल्लक दोरी काढून शेजारी धरली. मळ्यातली दोरी तीन बोटं तोकडी होती. तिचं टोक जिभेवर धरून चघळावं तसं पिंजून मऊ झालं होतं.

माणूस गाठ सोडेल, पण टोक कशाला चावेल? लियाकतचं जेवणात लक्ष राहिलं नाही. आपण चुकलो की काय ही भीती होतीच, पण खरं सांगायचं तर आधी कुतूहल होतं, भीती मागाहून आली. त्याचा स्वभावच तसा. घराला आग लागली असती तरी आधी ती कुठून लागली हे त्यानं वाकून बघितलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो मळ्याच्या शेराच्या झुडपांच्या कुंपणात जाऊन बसला. अण्णांनी मचाणावर तोडणीतला एक गडी उभा केला होता, तो दर घटकेला डबा वाजवत होता. दुपारभर काही झालं नाही. शुक्रवारी तो पुन्हा बसला. उन्हं डोक्यावर आली, गडी भाकरीला विहिरीवर गेला, आणि मळा शांत झाला. विहिरीवरच्या चिंचेतून एक खार उतरली. बांधावरून तुरुतुरु आली, पांगाऱ्याच्या खोडाशी थांबली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि दोरीचं लोंबतं टोक दोन्ही हातांत धरून खायला लागली.

खार टोक चघळी, थांबे, इकडेतिकडे बघे, पुन्हा चघळी. ज्वारीचं पीठ आणि तिळाचं तेल. तिच्या लेखी तो पापड होता. तेवढ्यात कुठे पान वाजलं, तिनं टोक दातांत धरूनच मागे उडी मारली, आणि सुरगाठ सरसर सुटली. खळीनं गुळगुळीत झालेली ती दोरी धरून राहायलाही तयार नव्हती. झबलं सैल पडलं, वाऱ्यानं वर गेलं. खार दुसऱ्या झाडाकडे वळली. थोड्याच वेळात पोपट आले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हे. नाव ठेवायचं तरी कोणाला? खारीला कोणी धोंडा मारत नाही. तिच्या पाठीवर रामाची बोटं उमटलीत हे पंचवटीपासून दहा मैलांवरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. कुसाबाईच्या मचाणाखालून खारी दिवसभर पळत असतील, आणि आभाळाकडे बघणाऱ्या बाईनं त्यांच्याकडे कशाला बघावं. चूक खारीचीही नव्हती आणि राखणदाराचीही नव्हती. मागाला लागते म्हणून मळ्यातल्या जाळीलाही खळ देणारा एक विणकर होता, त्याची होती.

आता लियाकतपुढे दोन वाटा होत्या आणि त्यातली एक फार सोपी होती. दुरुस्तीच्या नावाखाली सगळी टोकं धुऊन काढायची, गाठी बदलायच्या. जाळ्या उघडणं थांबलं असतं. लोक म्हणाले असते, बघा, कुसाबाई गेली आणि चोरी थांबली. पिंपळगावची कामं राहिली असती, पेटीचा मान राहिला असता. हे सगळं त्याच्या मनात आलं. आलं नाही असं नाही. आणि ते आपल्या मनात आलं याची त्याला इतकी लाज वाटली की तो कुंपणातून उठला तो सरळ कुसाबाईच्या दारात गेला.

ती शेळीला पाला घालत होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, खार, खळ, टोक, गाठ, आणि रविवारी देवळासमोर हेच सांगणार असंही सांगितलं. त्याला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर शिव्या तरी देईल. तिनं पाला घालून संपवला.

"तुमी दोरी बरूबर बघितली, लियाकतभाई," ती म्हणाली. "गाठ सोडलेली व्हती, खोटं नाय. पन मी चार हातांवर हुबी व्हते, माझ्या तोंडाकडं तुमी बघितलंच नाय. दोन वरीस एका बांधावर भाकर खाल्ली. दोरीला इचारलं, मला कुनी इचारलं नाय."

 

रविवारी खंडोबाच्या पायरीवर गर्दी होती. कुसाबाई येते की नाही हे बघायला लोक आले होते. ती आली नव्हती. तिच्या जागी लियाकत देवळाबाहेर वडाच्या पाराशी उभा राहिला आणि जेवढ्या मोठ्यानं बुधवारी बोलला होता तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला की मी चुकलो, गाठी कुसाबाईनं सोडल्या नाहीत, खारींनी सोडल्या, आणि त्यांना माझ्या खळीनं बोलावलं. लोकांत हसू फुटलं. खार सुरगाठ सोडते तर उद्या वाटाण्याच्या शेंगा सोलून दे म्हणावं, असं कोणीतरी म्हणालं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं, दाखव.

दाखवणं सोपं नव्हतं. पंचवीस माणसं मळ्यात शिरल्यावर खार कशाला येते. लियाकतनं सगळ्यांना शेराच्या कुंपणामागे बसवलं, खोकायचं नाही, तंबाखू मळायची नाही, बोलायचं तर मुळीच नाही. ज्यांची स्वतःची शेतं होती त्यांतले निम्मे जण आपल्या शेतातही असे गप्प कधी बसले नव्हते. मग तो पुन्हा कुसाबाईकडे गेला. तुम्ही विहिरीवर रोजच्या जागी बसा, म्हणजे मळा रोजच्यासारखा होईल, एवढंच तो म्हणाला. येणार नाही असं ती म्हणाली, आणि भाकरी फडक्यात बांधून त्याच्या मागोमाग आली. गोफण कमरेला होतीच. तिचा तो दागिना होता, राखण गेली म्हणून ती उतरली नव्हती.

बराच वेळ गेला. कोणाच्या पायाला मुंग्या आल्या, कोणी चुळबुळ केली, अण्णांनी नुसतं बघून त्याला थंड केलं. कुसाबाई विहिरीवर पाठ करून भाकरी खात होती. लियाकत चिंचेकडे टक लावून होता. खार आज आलीच नाही तर? आणि मग चिंचेतून ती आली. एक नव्हे, दोन आल्या. खोडाशी उभ्या राहिल्या, एकीनं टोक धरलं, दुसरी तिच्यावर धावली, आणि त्या हिसकाहिसकीत गाठ सुटून दोरी मोकळी झाली. पंचवीस माणसांनी ते डोळ्यांनी पाहिलं. कोणी हसलं नाही.

जाळी वर सरकली. आभाळात हिरवं काहीतरी चमकलं आणि दहा-बारा पोपट कलकलत वेलीवर उतरायला लागले. बघणारे बघतच राहिले, अण्णासुद्धा. मळा त्यांचा होता, घड त्यांचे होते, तरी हात कोणाचाच उठला नाही. तेवढ्यात धोंडा सणसणत सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला. वेलीच्या बरोबर हातभर वरून. थवा उडाला. कुसाबाई विहिरीच्या काठावर उभी होती, अर्धी भाकरी पायाशी पडलेली, गोफण अजून हातात फिरत होती. चार दिवसांपूर्वी तिला या मळ्यातून काढलं होतं हे त्या घटकेला तिच्याही लक्षात नव्हतं.

अण्णा कुंपणामागून बाहेर आले. मान खाली घालून ते तिला काय म्हणाले ते कोणाला ऐकू गेलं नाही. ती काय म्हणाली ते मात्र सगळ्यांनी ऐकलं.

"आदी ती गाठ बदला," ती म्हणाली.

मग ती वेलीखाली गेली. पोपटांनी एक घड पाडला होता. तो तिनं सर्वांदेखत उचलला, माती झटकली आणि ओटीत घातला. कोणी ओटीकडे बघितलं नाही.

पुढचे चार दिवस लियाकत आणि रेहाना बाणगंगेच्या पात्रात गुडघाभर पाण्यात उभं राहून जाळ्या धूत होते. जन्मभर सुताला खळ देणाऱ्या हातांनी खळ काढायची, हे रेहानाला सासूला उलट बोलण्याइतकं जड गेलं, असं ती नंतर हसून सांगे. सुरगाठ गेली. जनावरांचं दावं बांधतात ती गाठ कुसाबाईनं त्याला शिकवली, सोडायला वेळ लागतो पण खारीच्या बापाला सुटत नाही. पिंपळगावच्या एका मळेवाल्यानं काम रद्द केलं. दुसऱ्यानं ठेवलं, पण गाठी कुसाबाईच्या हातच्या हव्यात असं बजावलं. गावातली पोरंटोरं लियाकतला बरीच वर्षं खारवाला म्हणून चिडवत होती. तो चिडत नसे.

फाटकी जाळी घेऊन लोक पुढेही त्याच्याकडे येत. हे कोणी केलं, असं विचारत. तो जाळी हातात घ्यायच्या आधी विचारी की राखण कोणाची आहे, आणि त्या माणसाकडे जाऊन, त्याच्यासमोर बसून, दोन शब्द बोलल्याशिवाय काही सांगत नसे. त्यात दिवस मोडे. घाईच्या लोकांना ते आवडत नसे.

तळाशी पडलेल्या त्या दोरीचं त्यानं म्हातारपणी सांगितलं, तेही एकदाच. कुसाबाईच्या तेराव्याला जाऊन आला होता. दारात बसून पेटी उघडली आणि समोर बसलेल्या पाहुण्याला एकेक तुकडा दाखवू लागला. हा पोपटाचा. हा वटवाघळाचा. हा कोल्ह्याचा. मग त्यानं ती दोरी काढली, तिचं पिंजलेलं टोक बोटांनी सरळ केलं.

"आणि ही माझी," तो म्हणाला.